‘पछी आवजो’ ऐकल्यावर

सुरतेला गेला म्हणजे कामाला लागला, असं अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडे अजूनही धरून चालतात. ताप्ती लाइनच्या गाड्या उधन्याला रिकाम्या होतात त्या याच भरवशावर. त्यामुळे सुरतेत राहून हाताला काम नसणं जरा जास्तच बोचतं. गावी लग्नाला जावं तर मांडवात शिरायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काय भाऊ, कामले लागना का?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण एकदा, दोनदा, तीनदा ‘नाही’ सांगितल्यावर माणूस लग्नालाच जात नाही. पुढे ओळखीच्यांचे फोन उचलेनासा होतो. सुरतेत काम बहुतेक वेळा ओळखीनंच लागतं, आणि नेमकी तीच वाट तो स्वतःच्या हातानं बंद करून बसतो.

हा लेख अशा, शोधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असलेल्या माणसासाठी आहे. लिंबायत, नवागाम, डिंडोली, उधना, पांडेसऱ्यात राहणारा; हिऱ्यातून बाहेर पडलेला, नाहीतर बीकॉम होऊन रिंग रोडवरच्या मार्केटांचे जिने चढून दमलेला. पहिल्या पंधरवड्यात कुणालाच सल्ला लागत नाही, तेव्हा हुरूप असतो.

आधी एक हिशेब मिटवून टाकू. काम गेलं त्यात तुमचा दोष किती? हिरे घासणाऱ्याच्या बाबतीत बहुधा काहीच नाही. युक्रेन युद्धानंतर रशियन कच्च्या हिऱ्यावर निर्बंध आले आणि मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं जी-सेव्हन देशांनी तो हिरा दुसऱ्या देशात घडवून आणला तरी घ्यायचा नाही असं ठरवलं. चीनमधली मागणी आटली. प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्याचे भाव कोसळले, तसे नगावर मिळणारे मजुरीचे दरही खाली आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. खजोदला साडेचार हजारांवर कार्यालयांचा सुरत डायमंड बोर्स डिसेंबर २०२३ मध्ये थाटात उघडला, त्याच सुमारास वराछा-कतारगामच्या कारखान्यांत कामाचे दिवस कमी होत होते. तुमची हिरे घासायची घंटी बंद झाली ती इतक्या लांबच्या कारणांनी. ‘मीच कमी पडलो’ हे वाक्य स्वतःशी घोळवत बसाल तर पुढच्या दारावर तोंड पाडूनच उभे राहाल, आणि समोरच्याला ते दिसतं.

सुरतेनं हे आधीही पाहिलं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या बँका बुडाल्या तेव्हा दिवाळीची सुट्टी संपूनही अनेक कारखाने उघडले नाहीत. तेव्हा बरेच कारीगर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर गेले. मागणी सुधारल्यावर काही हिऱ्यात परतले, काही नव्या कामातच रमले. जे ‘हिरा उघडेल’ म्हणून नुसते वाट बघत बसले, त्यांची ओढाताण जास्त झाली. आत्ताही धंदा कधी पूर्ववत होईल याचा अंदाज बांधण्यात संध्याकाळी घालवू नका. हिऱ्याच्या मिनी बाजारातल्या दलालालाही तो सांगता येत नाही.

आता चिकाटीबद्दल. चिकाटी म्हणजे रोज अधिक अर्ज, अधिक चकरा, अधिक घाम, असं आपल्या डोक्यात बसलं आहे. मला तसं वाटत नाही. मोबाइलवर एका रात्रीत पन्नास ठिकाणी बायोडेटा टाकणाऱ्याला मी चिवट म्हणणार नाही. तो फक्त अस्वस्थ आहे. ज्या दारावरून परत आलो, त्याच दारावर वेगळ्या वेळी आणि हातात काहीतरी नवं घेऊन जाणं, ही खरी चिकाटी. सुरतेच्या बाजारात तिलाच फळ येतं, कारण इथला माणूस कागदापेक्षा चेहरा लक्षात ठेवतो.

तर मग परत कधी जायचं आणि काय घेऊन जायचं, हे ‘नाही’ कोणत्या जातीचं होतं त्यावर ठरतं. थोडं खोलात जाऊ.

कल्पना करा, रिंग रोडवरचं कापड मार्केट, दुसरा मजला. दुकानाबाहेर चपलांची रांग. आत पांढरी गादी, भिंतीला साड्यांच्या गठ्ठ्यांची चळत, कोपऱ्यात संगणकावर हिशेब लिहिणारे मेहताजी. तुम्ही विचारता, उत्तर येतं, "सेठ बाहर गया है, पछी आवजो." म्हणजे नंतर या. तुम्ही जिना उतरता आणि मनात नोंद करता: नकार. अहो, नकार दिला कुणी? ज्याला द्यायचा अधिकार आहे तो तर भेटलाच नाही. जिना उतरायच्या आत तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या: शेठ किती वाजता बसतात, त्यांना काय नावानं हाक मारायची, आणि मेहताजींचं नाव काय. दुसऱ्या खेपेला तुम्ही ‘कुणीतरी पोरगा’ नसता. मेहताजींना नावानं नमस्कार घालून आत येणारा माणूस असता. वेळही बघून जावं. दुकान उघडलं, दिवा-अगरबत्ती झाली, पण बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे फोन अजून सुरू झाले नाहीत, त्या मधल्या अर्ध्या तासात शेठ ऐकून घेतो. संध्याकाळी पार्सलं बांधायची घाई असताना देवही भेटायला आला तर त्याला ‘पछी आवजो’च ऐकायला मिळेल.

"अभी सीजन नहीं है" हे बहुतेक वेळा खरंच असतं. ते मनाला लावून घ्यायचं नाही, तारीख विचारायची: सीजन कधी सुरू होईल, माणसं कधी घेता? जो महिना सांगतील त्याच्या पंधरा दिवस आधी जायचं. माल दारात आल्यावर शेठ नवा माणूस शोधत नाही, जो आधीच डोळ्यासमोर आहे त्याला ठेवून घेतो.

"अनुभव नाही" हे उत्तर लोकांना सर्वात जास्त खचवतं. मला ते सर्वात उपयोगी वाटतं, कारण त्यात पुढचं पाऊल सांगितलेलं असतं. फक्त एक प्रश्न जास्त विचारायचा: नेमका कशाचा? एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, साधं मशीन चालवलेल्या ऑपरेटरला ‘अनुभव नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना सिक्वेन्सचं मशीन म्हणायचं असू शकतं. हिशेबाच्या कामात टॅली येत असूनही ‘अनुभव नाही’ म्हणतात तेव्हा बहुधा विचारायचं असतं की जीएसटीआर-१ आणि ३बी स्वतः भरलं आहे का, पन्नास हजारांवरच्या मालाचं ई-वे बिल काढता येतं का, जॉबवर्कला गेलेल्या मालाचं चलन समजतं का. ‘टॅली येतं’ असं सुरतेत शेकडो मुलं सांगतात. ‘ग्रे कापड मिलमध्ये गेलं, त्यातलं इतकं परत आलं, घट इतकी, हा हिशेब मी ठेवला आहे’ असं सांगणारा क्वचित येतो. हे शिकायला मोठा कोर्स लागत नाही. ओळखीच्या कर-सल्लागाराकडे महिनाभर कमी पैशांत, अगदी फुकटसुद्धा बसायची तयारी ठेवा. मात्र मुदत आधीच ठरवा, नाहीतर फुकटचा महिना वर्षभर लांबतो.

"नंबर देऊन जा, फोन करतो." फोन येत नाही. हे लबाडीनं होत नाही. चिठ्ठी गठ्ठ्यांखाली जाते. चार-पाच दिवसांनी आपणच करायचा, थोडक्यात: मी अमुक, मंगळवारी येऊन गेलो, हेल्परची जागा होती, काही ठरलं का? पुढचा फोन पंधरा दिवसांनी. रोज फोन करणाऱ्याचा नंबर ब्लॉक होतो आणि तो योग्यच होतो.

राहिला पगार विचारून झाल्यावर येणारा थंडपणा. आकडा जास्त वाटला, एवढाच त्याचा अर्थ. आधीच्या कामावर मिळत होतं ते सांगून भागत नाही, नव्या कामात तुम्ही नवे आहात. ‘पहिले दोन महिने इतक्यात करतो, काम बघून मग बोलू’ असं म्हणता येतं. ट्रायल म्हणून दोन-तीन दिवस काम करून घेतात तिथे त्या दिवसांची मजुरी किती आणि कधी, हे मशीनला हात लावण्याआधी विचारा. विचारल्यामुळे काम जात नाही. जे जातं ते फुकट राबवून घेणारं काम असतं.

हे सगळं डोक्यात राहत नाही म्हणून एक शाळेची वही करा. तारीख, ठिकाण, कोण भेटलं, शब्दशः काय म्हणाले, परत कधी जायचं. मोबाइलमध्ये नको, वहीतच. दोन महिन्यांनी ती सलग वाचली की दिसतं की दहा ठिकाणी एकाच गोष्टीपाशी अडलं आहे. मग दारांची संख्या वाढवण्यापेक्षा ती एक अडचण दूर करायची. वही नसेल तर प्रत्येक ‘नाही’ एकसारखं वाटतं आणि माणूस नशिबाला दोष देऊन मोकळा होतो.

सुरतेच्या बाजाराला स्वतःचं पंचांग आहे, ते माहीत नसेल तर चांगला माणूसही चुकीच्या महिन्यात हिंडत राहतो. श्रावणापासून दिवाळीपर्यंत साड्या-ड्रेसचा जोर. कटिंग-पॅकिंगला, पार्सलला हात लागतात ते त्याआधी. दिवाळीला हिऱ्याचे कारखाने साधारण तीन आठवडे बंद, कापडवाले लाभपाचमेला मुहूर्त करतात. त्या दिवसांत काम मागायला गेलात तर पेढा मिळेल, काम नाही. पण लाभपाचमेनंतर चार-सहा दिवसांत जा. सुट्टीवर गेलेले किती जण परतले नाहीत हे तेव्हाच मालकाला कळलेलं असतं. होळीला उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार गावी जातात, मे महिन्यात ओडिशाकडचेही, आणि लूम खात्यांत, मिलमध्ये माणसांची टंचाई होते. हिशेबाचं काम शोधत असाल तर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास अकाउंटंटच्या दारात उभे राहू नका. त्या रिटर्न भरण्याच्या तारखा, तेव्हा कुणी मान वर करत नाही. बावीस-तेवीसला जा. हजीऱ्याच्या मोठ्या कंपन्यांत आपल्याला बहुधा ठेकेदारामार्फतच शिरकाव मिळतो. तिथे प्लांटच्या शटडाउनच्या वेळी फिटर, वेल्डर, हेल्पर लागतात. आयटीआय झालेल्यांनी ठेकेदाराच्या सुपरवायझरची ओळख धरून ठेवावी, गेटवर अर्ज देऊन उपयोग कमी.

एम्ब्रॉयडरीच्या खात्यांत तर जाहिरात म्हणजे शटरवर चिकटवलेला कागद: ‘ओपरेटर, हेल्पर जोइए छे.’ तो गुजराती लिपीत असतो. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्यांचं ठीक, ते गुजराती वाचतात. पण दहावी-बारावीनंतर खानदेशातून आलेली मुलं त्या कागदासमोरून रोज जातात आणि वाचत नाहीत. शिरोरेघ काढून टाकली की अर्धी अक्षरं ओळखीचीच आहेत. आठवड्यात वाचायला येतं. आठवडा घालवा. पाळी बदलण्याच्या वेळी गल्लीतून एक फेरी मारली तर मोबाइलवर न दिसणाऱ्या जागा दिसतात.

बायोडेटाचं काय करायचं? माझ्याकडे मुलं तपासायला आणतात त्यातले बहुतेक सायबर कॅफेच्या एकाच साच्यातले असतात. वर इंग्रजीत ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ वगैरे, खाली छंद म्हणून क्रिकेट. आव्हानात्मक वातावरण हवं असेल तर मे महिन्यात डाइंग मिलमध्ये उभं राहून बघावं. तो परिच्छेद काढा. पहिल्या चार ओळींत काय काम केलं, किती वर्षं, कोणत्या मशीनवर, आणि चालू असलेला फोन नंबर. बस.

हिऱ्यातल्या माणसाची अडचण वेगळी आहे. तो लिहितो, ‘मथाळा, नऊ वर्षं.’ हिऱ्याबाहेर हे कुणालाच कळत नाही. आता त्या नऊ वर्षांत तुम्ही रोज काय करत होता ते बघा. सकाळी पुडीतले नग मोजून आणि वजन करून घेतले, संध्याकाळी मोजून परत दिले. सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग. तेवढा फरक पडला तरी जाब द्यावा लागायचा. आइग्लास डोळ्याला लावून नुसत्या नजरेला न दिसणारा दोष पकडला. कोन चुकला तर दगड वाया, म्हणून तासन्‌तास हात स्थिर ठेवला. हेच सरळ शब्दांत लिहा: बारीक वस्तूंची तपासणी, वजनाचा चोख हिशेब, महागड्या मालाची जबाबदारी. दागिने घडवणाऱ्या कारखान्यात, सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, कापडाच्या तपासणीत या गोष्टींना किंमत आहे. सुरतेत दागिन्यांचे कारखाने वाढत आहेत आणि संगणकावर दागिन्यांचं डिझाइन करणारे तिथे लागतात. चाळिशीनंतर नवं सॉफ्टवेअर शिकायला जड जाईल, कबूल. त्यांना तपासणीचं काम जास्त जवळचं.

सरकारी वाटांबद्दल थोडक्यात. गुजरात सरकारचं ‘अनुबंधम’ आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्हीकडे नाव नोंदवा. पैसे लागत नाहीत. रोजगार मेळाव्यांचे निरोप तिथून येतात. त्यावर विसंबून मात्र राहू नका. तरुणांनी अप्रेंटिसशिपकडे हलकं बघू नये. १९६१च्या कायद्यानुसार ती करार करून मिळते, विद्यावेतन ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्र हा अनुभवाचा कागद असतो. मजुरागेटच्या आयटीआयमध्ये चौकशी करा.

सरकारी नोकरीच्या तयारीत वर्षं घालवणाऱ्या आपल्या मुलांना एक गोष्ट उशिरा कळते, ती इथे सांगतो. सुरतेत वाढलेल्या मुलाला महाराष्ट्राचा अधिवास दाखला साधारणपणे मिळत नाही, कारण त्यासाठी तिथे पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. आणि वडिलांचं मूळ जळगाव-धुळ्याचं असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या आरक्षणाचा लाभ गुजरातच्या राज्य सेवेत मिळत नाही. स्थलांतरितांबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये मरी चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. अन्याय वाटतो, वाटणारच. पण केंद्र सरकारच्या भरतीत, रेल्वेत, स्टाफ सिलेक्शनमध्ये मूळ राज्याच्या दाखल्याच्या आधारावर केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. कोणती परीक्षा द्यायची हे ठरवण्याआधी घरातले जुने कागद बाहेर काढा. तीन वर्षं अभ्यास करून शेवटी कागदपत्र तपासणीत बाहेर पडलेली मुलं या वस्त्यांत आहेत.

आधीच्या कामावर ईएसआयसी कापलं जात होतं का ते पगारचिठ्ठीवर बघा. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम गेल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळते. किती काळ वर्गणी भरलेली हवी याच्या अटी आहेत आणि योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून ईएसआयसीच्या शाखेत स्वतः जाऊन विचारा. हिऱ्यातल्यांसाठी मे २०२५ मध्ये गुजरात सरकारनं मदत जाहीर केली, त्यात मुलांची एका वर्षाची शाळेची फी १३,५०० रुपयांपर्यंत होती. अशा प्रत्येक मदतीला एकच गोष्ट आडवी येते: आपण तिथे कामाला होतो याचा कागद. तो बहुतेकांकडे नसतो.

घरचं गणित हा चिकाटीचा खरा पाया आहे, आणि त्यावर पुरुष मंडळी सर्वात कमी बोलतात. घरात बायको धागा कटिंगचे गठ्ठे आणून संध्याकाळपर्यंत साड्यांची सुतं कापत असते, त्या पैशावर दूध-भाजी चालते, आणि नवरा मात्र ‘सगळं ठीक आहे’ म्हणत बाहेर पडतो. असं नका करू. एका संध्याकाळी दोघांनी बसून कागदावर मांडा: भाडं, शाळा, हप्ते, किराणा, किती महिने निघतील. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी बँकेत जा. आधी गेलेल्याला मुदत मागता येते. खाजगी व्याजाच्या पैशाकडे वळू नका. महिन्याला टक्क्यांत व्याज सांगतात ते वर्षाच्या हिशेबानं बघितलं की डोळे पांढरे होतात, आणि वसुलीला येणारी माणसं काम आहे की नाही हे विचारत नाहीत.

पोटासाठी मधलं काम घ्या, त्यात कमीपणा काही नाही. डिलिव्हरी, पार्सल, पेट्रोल पंप, जे मिळेल ते. पण एक धोका आहे. डिलिव्हरीत दिवसाचे बारा तास गाडीवर जातात, हातात रोख येते, आणि हव्या त्या कामाचा शोध हळूहळू थांबतो. हे मुद्दाम कुणी ठरवत नाही. म्हणून आठवड्यातल्या दोन सकाळी राखून ठेवा, काही झालं तरी त्या शोधाच्या. त्या दोन सकाळींना वहीत बघून ठरलेल्या दारांवरच जायचं. बाकीचे दिवस कमवा, निर्धास्त.

वैतागलेल्या माणसाच्या मागावर फसवणारे असतातच. घरबसल्या डेटा एंट्रीचं काम देतो म्हणून करार करून घ्यायचा, मग ‘तुमच्या चुका जास्त, करार मोडला, वकिलाची नोटीस येईल’ असं धमकावून पैसे उकळायचे, या प्रकाराच्या टोळ्या खुद्द सुरतेत पकडल्या गेल्या आहेत. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करण्याचे पैसे देणारे सुरुवातीला थोडे देतात, नंतर भरायला लावतात. परदेशात संगणकाचं काम म्हणून कंबोडिया-म्यानमारला नेऊन तिथे सायबर फसवणुकीला जुंपल्याची प्रकरणं देशभर गाजली. ओळखायची खूण सोपी ठेवा: काम देणारा पैसे देतो, घेत नाही. नोंदणी, गणवेश, ट्रेनिंग, डिपॉझिट, कुठल्याही नावानं मागितले की उठायचं. पैसे गेलेच तर लाज धरून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही.

आणि काही दिवस असे येतात की उठावंसंच वाटत नाही. हिऱ्यातल्या मंदीत सुरतेत आत्महत्या झाल्या; २०२४ मध्ये डायमंड वर्कर्स युनियननं त्यासाठीच मदतीचा फोन सुरू केला. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, घरच्यांवर विनाकारण राग निघतो आहे, मनात नको ते विचार येत आहेत, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. पैसे पडत नाहीत, अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. शोधाचे तासही मर्यादित ठेवा. दिवसभर शोधत राहिल्यानं काम लवकर लागतं याचा अनुभव कुणालाच नाही; चार तास मन लावून, मग घरी. जमलं तर जोडीनं हिंडा. एकट्याला बसचं भाडं जड वाटतं आणि जिना उंच. दोघं असले की एकाच्या नकारावर दुसरा हसतो, आणि एकाला नको असलेली जागा दुसऱ्याच्या कामी येते. फक्त एकाच दुकानात दोघं एकदम शिरू नका.

गावाकडच्या लग्नांनाही जा. ‘कामले लागना का’ विचारणाऱ्याला तिथेच सांगा की अजून नाही, अमुक काम शोधतो आहे, तुमच्या पोराच्या खात्यात कुणी लागलं तर सांगा. ‘काहीतरी बघा ना’ असं म्हटलं तर तो मान हलवून जेवायला निघून जाईल. ‘सिक्वेन्सच्या मशीनवर हेल्पर म्हणूनही चालेल, लिंबायत ते सचिन कुठंही’ असं सांगितलं की त्याला कुणाचं तरी नाव आठवतं. मांडवात निम्मे लोक सुरतेचेच असतात.

काम लागेल तेव्हा पहिल्या महिन्यात कागदांचं उरकून घ्या, कारण नंतर ते राहतं. नेमणुकीचं पत्र मागा. देत नसतील तर हजेरीकार्डाचा आणि पगार जमा झाल्याच्या नोंदीचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा. पगार रोखीनं न घेता खात्यात घ्या. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर विचारून मोबाइलला जोडा, आणि तीन महिन्यांनी पासबुकात मालकाचा हिस्सा खरंच जमा होतो आहे का ते बघा. वहीतल्या ज्या लोकांनी वेळ दिला होता त्यांना एकेक फोन करून काम लागल्याचं कळवा, मेहताजींना आधी. त्यांच्या दुकानात आता माणूस हवा असेल, तर शेजारच्या बेकार पोराचं नाव सुचवता येईल.